पायी फिरून पाहिलेली मिरज : खाणे, हुनर आणि एक गवसणी

व्यापारी बंधूंनो, कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाला गाव ओळखीचे असते ते बहुधा उधारीच्या वहीवरून. कोणत्या पेठेत किती बाकी, कोणत्या गल्लीत कोणाचा वायदा कच्चा, एवढे पाठ असले की आपल्याला वाटते, हे गाव आपण पाहिले. मीही पुष्कळ वर्षे असाच समज करून घेतला होता. सातारा-सांगली हा आमचा वडिलोपार्जित फेरा. वडील वसुलीला जात तेव्हा मला बरोबर नेत, आणि त्यांचा एक कायदा होता. गावात शिरल्यावर वाहन करायचे नाही. ते म्हणत, टांग्यातून उतरणाऱ्याला गिऱ्हाईक पैसे नाहीत म्हणून सांगते, पायी आलेल्याला आधी पाणी विचारते. वडील गेले, टांगे गेले, मी मोटारसायकलवर आलो आणि मग फोनवर. वसुली फोनवर होते, गाव फोनवर दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मिरजेत एक दिवस मोकळा मिळाला. एका जुन्या व्यवहाराचा हिशेब सकाळी मिटायचा होता, तो समोरच्याने संध्याकाळवर ढकलला. (पैसे त्या संध्याकाळीही आले नाहीत, पण ते असो.) मग ठरवले की आज वडिलांच्या कायद्याने मिरज पायी फिरायची. जे दिसेल ते पाहायचे, जे मिळेल ते खायचे.

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे, त्यामुळे पहाटेची गाडी धरायची तर रात्रीच निघावे लागते. कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली आणि मग मिरज. उजाडता उजाडता उतरलो. मिरज जंक्शनची एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नाही. एके काळी इथे तीन रुंदीचे रूळ एकत्र येत : पुण्याकडचा रुंद, बेळगावकडचा मध्यम आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा अरुंद. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत चढवायचा म्हणजे हमालाच्या पाठीवरून जायचा, आणि आमची गाठोडीही त्याच पाठींवरून गेली. आता सगळे रूळ एकाच रुंदीचे झाले. माल न उतरता पुढे जातो, आणि त्या वेळच्या हमालांची मुले आता गावात रिक्षा चालवतात. याच स्टेशनातून एप्रिल 2016 मध्ये दुष्काळी लातूरला पाण्याच्या गाड्या गेल्या. पहिल्या गाडीला 10 टाक्या, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर पाणी होते.

स्टेशनाबाहेर उप्पीट आणि चहा घेतला. पुण्यात ज्याला उपमा म्हणतात तो इकडे उप्पीट, आणि त्यावर लिंबाची फोड मागावी लागत नाही. शेजारच्या बाकावर कर्नाटकातले एक कुटुंब होते. आजारी म्हातारीला घेऊन आलेले. मिरजेला येणाऱ्यांत निम्मी माणसे अशीच दवाखान्यासाठी येतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचे झाले. त्याचा परिणाम खाण्याच्या धंद्यावर कसा होतो पाहा. रुग्णाचे नातेवाईक चार-चार दिवस राहतात, त्यांना स्वस्त आणि पोटाला सोसणारे हवे असते. म्हणून पेज, मऊ भात, साधी आमटी, ज्वारीची भाकरी इथे सकाळपासून मिळते. पाट्या मराठीत आणि कानडीत. वाढणारा पोरगा मराठीत हाक मारतो, कानडीत हिशेब सांगतो आणि आत आचाऱ्याशी आपल्या दक्खनीत भांडतो. तिन्ही भाषा एका श्वासात.

तिथून लक्ष्मी मार्केटच्या बाजूने गेलो. चिरमुऱ्यांच्या पोत्यांसमोर थोडा वेळ उभा राहिलो, कारण इथे आमच्यासारख्या कापडवाल्याला शिकण्याजोगे आहे. चिरमुरे म्हणजे काय, फुलवलेला तांदूळ. वजन नाही, किंमत नाही. त्यालाच तेल, लसूण, तिखट, कढीपत्ता, शेंगदाणे लावले की भडंग होते, आणि सांगली-जयसिंगपूरचे भडंग मुंबई-पुण्याच्या दुकानात दिमाखात बसते. माल तोच, पण फोडणीत कमाई आहे. हळदीचेही तसेच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवे खणून त्यात हळद साठवीत, वर्षानुवर्षे टिकत असे. 2005 च्या महापुराने त्या पेवांचे फार नुकसान केले. तरी सांगलीच्या हळदीचे नाव राहिले. 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला. या मानांकनाकडे मी पुढे येतो, कारण त्या दिवशी माझे डोके त्यानेच व्यापले.

दुपारी दर्ग्याकडे वळलो. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा मिरजेच्या सर्व जातिधर्मांचा आहे. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान असतो, ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो दोनदा विचारतो. जवळच्या एका छोट्या खानावळीत दालचा आणि चावल खाल्ला. दालच्यात भोपळ्याच्या फोडी होत्या. वाढणाऱ्या चाचांना मी सहज म्हटले, भोपळा छान शिजला आहे. ते हसून म्हणाले, ‘‘भाई, मिरजेत दोन भोपळे. एक पोटात जातो, एक गातो. गाणारा बघायचा असेल तर सतारमेकर गल्लीत जा.’’

गल्ली मला नवी नव्हती. गाणारा भोपळा मात्र मी कधी नीट पाहिला नव्हता, आणि याची मला त्या दिवशी लाज वाटली. कारण गेली बावीस वर्षे मी त्याच गल्लीत माल देतो आहे. तानपुऱ्याला, सतारीला जी कापडी खोळ घालतात तिला गवसणी म्हणतात. वरचे जाड कापड आणि आतले मऊ अस्तर, दोन्ही आमच्याकडून जाते. म्हणजे बावीस वर्षे मी वाद्याचा अंगरखा विकला आणि अंगरख्याच्या आत कोण आहे ते विचारले नाही.

या हुनराची हकीकत अशी सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई करणारे लोक. संस्थानी लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे बनविण्यास सुरुवात केली. धंदा बुडाला म्हणून हात जोडून न बसता हातातले कसब दुसऱ्या मालाकडे वळविले. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) मिरजेत स्थायिक झाले, तेव्हा या कारागिरांना घरबसल्या कसोटी लावणारा कान मिळाला. खाँसाहेबांना स्वतःला वाद्य दुरुस्तीचे उत्तम ज्ञान होते. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायकांची हजेरी लागते. कारागिराजवळ जाणता गिऱ्हाईक राहायला येणे ही मोठी नशिबाची गोष्ट. आपल्यापैकी किती जणांना असे गिऱ्हाईक मिळाले?

ज्यांच्याकडे माझा माल जातो त्या कारागीर चाचांच्या कारखान्यात शिरलो. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. मी म्हटले, ‘‘आज वसुलीला नाही आलो, बघायला आलो.’’ त्यांनी पाट सरकवला आणि अगदी सुरुवातीपासून दाखवले.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचा. हा खाण्याचा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. वेलावर असतानाच तो वाकडा होऊ नये म्हणून शेतकरी त्याची बैठक जपतो. कारागीर मोसमात जाऊन निवड करतो. घेर पाहतो, सालीची जाडी पाहतो, टिचकी मारून ऐकतो. वाळलेले भोपळे माळ्यावर महिनोन् महिने राहतात. वापरायच्या वेळी पाण्यात भिजवून तोंड कापतात, बी काढतात, आत बांबूच्या कामट्या लावून तोंडाचा आकार ताणून धरतात आणि पुन्हा वाळवतात. मग लाकडी गळा, त्यावर पोकळ दांडी, समोर तबली. लाकूड टूनाचे. खुंट्या शिसवीच्या. सांध्यावर कोरलेली पाने. मग लाखेचे पॉलिश. नक्षीत पूर्वी हस्तिदंत असे, आता नाही. घोडीसाठी सांबरशिंग वापरीत, तेही 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर गेले. आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम माल. चाचांचे म्हणणे, कायदा बरोबरच आहे, हात नव्याला सरावायला मात्र वेळ लागला.

एवढे होऊनही वाद्य मुके असते. तारा चढवल्या तरी आवाज कोरा येतो. तो बोलका होतो जवारीने. घोडीचा माथा कानसीने आणि घासकागदाने इतका बारीक उतरवायचा की तार त्यावर टेकते आहे आणि टेकत नाही, असे व्हावे. आणि शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. त्याला जीवा म्हणतात. चाचांनी तो दोरा केसभर पुढे घेतला आणि खोली भरून गेली. बंधूंनो, मी सूत विकून पोट भरणारा माणूस. सुताच्या एका तुकड्यावर एवढे अवलंबून असते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

मर्दानी तानपुरा मोठा, जनानी थोडा लहान. एका वाद्याला आठवडे लागतात. भीमसेन जोशींसारख्या थोर गवयांच्या मागे मिरजेचे तानपुरे वाजले. पण आता पेटीएवढा विजेचा तानपुरा आला, त्यानंतर मोबाईलमध्ये तानपुरा आला, तोही फुकट. चाचांचा थोरला मुलगा मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. ते म्हणाले, ‘‘त्याचे काय चुकले? शिकलगाराने तलवार सोडली तेव्हाही कोणीतरी रडले असेल.’’ धाकटा अजून कानस धरतो. पण त्याची तक्रार निराळी, आणि ती ऐकून मी उठायचा तो बसलो.

तक्रार अशी. इथून तानपुरा मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडे जातो. तिथे त्याच्या तबलीच्या आत दुकानाची चिठ्ठी लागते आणि मिरजेच्या कारागिराचे नाव कुठेच राहत नाही. दुसरीकडे भलत्याच ठिकाणचे कच्चे वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकले जाते. गवई वाद्य घेतो, जवारी सहा महिन्यांत बसते, बदनामी मिरजेची. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेच्या नावे, तानपुऱ्याचे सोलट्यून या उत्पादक कंपनीच्या नावे. वर्तमानपत्रांत फोटो आले. धाकटा म्हणाला, ‘‘फोटो आला, पण माझ्या तानपुऱ्यावर काय फरक पडला?’’

इथे मला व्यापारी म्हणून जे ठाऊक आहे ते सांगतो. आपले कित्येक कारागीर समजतात की गावाला मानांकन मिळाले म्हणजे आपल्याला मिळाले. तसे नाही. 1999 च्या कायद्यानुसार मानांकन संस्थेच्या नावे नोंदते. प्रत्यक्ष माल बनवणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात वेगळे नोंदवावे लागते. तेव्हाच ते चिन्ह त्याला कायद्याने लावता येते. नोंदणी 10 वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते. 2020 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन या अर्जाची फी 500 वरून अवघ्या 10 रुपयांवर आली. म्हणजे अडचण पैशाची नाही, कागदाची आणि आळसाची आहे. हातमागवाले, कोल्हापुरी चपला शिवणारे, सर्वांना हे लागू आहे.

याच संदर्भात एक दूरची गोष्ट. माझा एक भाचा कॅनडात नोकरीला आहे. कामानिमित्त तो चार दिवस इकालुइट या गावी राहून आला आणि फोनवर तासभर बोलला. हे गाव पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. वस्ती साडेसात हजारांच्या आत. 1987 पर्यंत त्याचे नाव फ्रोबिशर बे होते, मग लोकांनी आपले जुने नाव परत घेतले. इकालुइट म्हणजे पुष्कळ मासे असलेली जागा. 1999 पासून ते नुनावुत प्रदेशाची राजधानी आहे. दुसऱ्या कोणत्याही गावाहून तिथे सडक जात नाही. माल विमानाने, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने. गाव लहान म्हणून भाचा सगळीकडे पायी फिरला. मूळ रहिवासी इनुइट. ते चार नावाचा मासा वाळवून किंवा गोठलेला कच्चाच कापून खातात, कॅरिबू हरणाचे आणि सीलचे मांस खातात, बायका उलु नावाच्या अर्धचंद्राकार सुरीने ते कापतात. भाच्याने माशावर आणि तव्यावरच्या जाड रोटीवर दिवस काढले. गावात 2016 पासून मशीदही आहे, तिथे त्याला गरम जेवण मिळाले.

मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते पुढचे. संध्याकाळी तो उपाहारगृहात बसला असता इनुइट कारागीर टेबलाटेबलाशी येऊन दगडात कोरलेल्या मूर्ती विकत होते. अस्वल, सील, पक्षी. आपल्या शंखजिऱ्यासारखा मऊ दगड. त्यांच्याही कलेची नक्कल करून कारखान्यात केलेला स्वस्त माल बाजारात आला होता. म्हणून कॅनडा सरकारने 1958 साली खऱ्या वस्तूला बांधायची एक चिठ्ठी काढली. तिच्यावर बर्फाच्या घराचे चित्र असते. ती चिठ्ठी नसेल तर जाणता गिऱ्हाईक माल घेत नाही. आणि 2017 मध्ये त्या चिठ्ठीचा कारभार सरकारकडून इनुइट कलावंतांच्या संस्थेकडे आला. 59 वर्षे लागली. याच लोकांचा सीलच्या कातड्याचा धंदा मात्र 1983 मध्ये बसला, कारण युरोपने सीलच्या पिलांच्या कातड्यावर बंदी घातली. इनुइट ती पिले मारतही नव्हते, पण भाव सगळ्याच कातड्यांचा पडला. दुसऱ्याच्या मालावरची बदनामी आपल्या मालाला कशी लागते याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

मी हे सगळे चाचांच्या धाकट्याला सांगत होतो, मोठ्या तोऱ्यात, आणि सांगता सांगता माझी जीभ अडखळली. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. वीसएक वर्षांपूर्वी मी साताऱ्याच्या दुकानात मागावरचे म्हणून एक इरकल विकले होते. होते ते यंत्रमागाचे. मला माहीत होते. गिऱ्हाईक कोरेगावकडची एक म्हातारी. तिने पदर उलटा करून सांध्यावर बोट फिरवले. खऱ्या इरकलीत पदराचे ताणे अंगाच्या ताण्यात एकेक फासा घालून जोडलेले असतात, तो सांधा बोटाला लागतो. माझ्या लुगड्याला सांधाच नव्हता. ती काही बोलली नाही. लुगडे घडी करून ठेवले, पायऱ्या उतरली आणि पुन्हा आमच्या दुकानी आली नाही. इरकलीला 2007 च्या सुमारास मानांकन मिळाले तेव्हा मला पहिली ती म्हातारी आठवली.

हे मी धाकट्याला सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘म्हणजे तो शहरातला व्यापारी आणि तुम्ही एकच की.’’ चाचांनी त्याला दटावले. मी म्हटले, दटावू नका, बरोबर बोलतो आहे.

मग कामाचे बोलणे निघाले. व्यापारी तबलीच्या आतली चिठ्ठी खरवडून काढतो, पण गवसणी काढून टाकत नाही, कारण नवी शिवायला त्यालाच खर्च येतो. तेव्हा धाकट्याने विचारले, गवसणीच्या गळ्याशी मिरजेचे नाव, बापाचे नाव आणि नोंदणी झाली की ते चिन्ह, असे धाग्याने भरून देता येईल का? मी म्हटले, कापड माझे, भरतकाम आमच्या सांगलीच्या माणसाचे, का नाही येणार? भाव काढला. नगाला थोडा खर्च वाढतो, फार नाही.

चाचा बराच वेळ गप्प होते. जवारीची कानस कपड्याने पुसत होते. शेवटी म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात त्या शेठची वीस नगांची मागणी आहे. नाव घातलेला माल त्याने परत पाठवला तर?’’ धाकटा म्हणाला, पाठवू दे. चाचा म्हणाले, वीस तानपुऱ्यांचे लाकूड उधारीवर आणले आहे. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मला काय बोलावे सुचेना. मालाचे पैसे परत आले तर वाट मीही पाहणार होतो ना.

अखेर दहा गवसण्या नावाच्या आणि दहा कोऱ्या, असे ठरले. कापड एकच, गडद मरून, आत पिवळे अस्तर. मी चिठ्ठीवर लिहून घेतले. नोंदणीच्या अर्जाचे कागद आणून देण्याचे मी कबूल केले. उठताना चाचांनी मघाचा तानपुरा पुन्हा छेडला, जीवा थोडी मागे सरकवली, आणि म्हणाले, ‘‘भाई, बारा कर. बारा नावाच्या, आठ कोऱ्या.’’

मी आकडा खोडून दुरुस्त केला आणि स्टेशनाकडे निघालो. वाटेत घरासाठी अर्धा किलो भडंग घेतले.